देवळालीचा ताप

मराठी माणूस रागावला की ते त्याच्या एकट्याचं काम राहत नाही, सगळं शरीर कामाला लागतं. आग लागते तळपायाला आणि जाते मस्तकात. मधे गुडघ्याला किंवा पोटाला ती थांबल्याचं कुणी ऐकलेलं नाही. मेलगाडीच ती, मधली स्टेशनं घेत नाही. नाकाचा शेंडा लाल होतो, दात ओठांना खातात, कपाळाला आठ्या पडतात. (त्या मोजून आठच असतात का, हे रागावलेल्या माणसाजवळ जाऊन मोजण्याची हिंमत आमच्या माहितीत तरी कुणी केलेली नाही.) शरीर पुरलं नाही तर स्वयंपाकघर मदतीला येतं. अंगाचा तिळपापड होतो. तापल्या तव्यावर तीळ कसे उडतात आणि निखाऱ्यावर पापड कसा आक्रसतो हे ज्या बाईने रोज पाहिलं, तिनेच हा शब्द पहिल्यांदा काढला असणार. पुरुषाची ती प्राज्ञा नाही. आगपाखड तर त्याहून सरस. सूप तेच, पाखडणं तेच, फक्त धान्याच्या जागी आग घ्यायची आणि समोरच्याच्या तोंडावर पाखडायची.

याच्याही पुढची पायरी म्हणजे डोक्यात राख घालून घेणं. पूर्वी घरात भांडण झालं की तिरीमिरीत उठून, अंगाला राख फासून, गोसावी होऊन निघून जाण्याची सोय होती. हल्ली ती राहिली नाही, म्हणून माणसं चप्पल घालून कोपऱ्यावरच्या पानाच्या ठेल्यापर्यंत जातात आणि जेवायच्या वेळेला परत येतात. आमच्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे समर्थ रामदास 'सावधान' हा शब्द ऐकताच बोहल्यावरून निघून गेले असं परंपरा सांगते, पण ते काही रागावून नव्हे. हा खुलासा आमच्या शेजारच्या गुरुजींचा. गुरुजींनी जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर ते आता गल्लीला शिकवतात.

'पारा चढणे' हा मात्र नवा पाहुणा आहे. पारा भरलेली तापमापक नळी फॅरनहाइटने १७१४ साली केली. ती आपल्याकडे डॉक्टरांच्या खिशातून आली आणि मग रागाला अंश मिळाले. त्याआधी आपले पूर्वज रागावत नव्हते असं नाही, पण किती रागावले ते सांगायची सोय नव्हती. गंमत अशी की इंग्रजांच्या रागातही पारा आहेच. 'टोपीवाल्यासारखा वेडा' अशी एक म्हण त्यांच्यात आहे. टोपीचं फेल्ट करणारे कारागीर पाऱ्याच्या वाफा हुंगून हुंगून भ्रमिष्ट होत, त्यावरून ती निघाली असं सांगतात. आणि १८३० च्या पुढे-मागे अमेरिकेच्या बाजूला ती छापली गेली तेव्हा तिचा अर्थ वेडा असा नव्हता, संतापलेला असा होता. त्यांच्या 'मॅड' या शब्दाचंच तसं आहे. विलायतेत त्याचा पहिला अर्थ वेडा, अमेरिकेत रागावलेला. दोन्हींमध्ये एक समुद्र आहे एवढाच फरक.

एवढं सगळं आठवायचं कारण माझा भाचा. तो विलायतेत नोकरीला असतो. मागे सुटीवर आला होता तेव्हा आमच्या ओट्यावर बसून तिकडच्या गमती सांगत होता.

"मामा, आमचा साहेब परवा एवढ्याशा गोष्टीवरून पार डूलॅली झाला."

"डुलायला लागला?" आमची ही आतून म्हणाली. "पिऊन आला होता का रे?"

"नाही हो मामी. भडकला. टेबलावरच्या फायली फेकल्या, कुणाला काय बोलतोय त्याला समजेना. वेडापिसा झाला म्हणजे."

गुरुजी कुंपणापलीकडे वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली केलं आणि एकच शब्द उच्चारला, "देवळाली."

भाच्याला वाटलं, म्हातारबुवांना गाडी गाठायची असेल. पण गुरुजी बरोबर बोलले होते. साहेबाच्या कोशात हा जो 'डूलॅली' शब्द आहे, तो आपल्या नाशिक जिल्ह्यातली देवळाली. माझा भाचा दहा वर्षं तो शब्द वापरत होता आणि त्याच गावावरून डझनभर वेळा मुंबईला गेला होता.

आता देवळाली म्हणजे आपल्याला काय ठाऊक? जालन्याहून मनमाड, मनमाडहून नाशिकरोड आणि मुंबईकडे जाताना त्याच्या पुढचं स्टेशन देवळाली. कोरडी, थंड हवा. झाडी, बंगले, पारशी-गुजराती मंडळींची सॅनिटोरियमं. घरात कुणी टायफॉइडमधून उठलं की डॉक्टर म्हणायचे, जरा देवळालीला हवापालट करून या. ज्यांना परवडे ते जात, ज्यांना परवडत नसे ते ओट्यावर खाट टाकत. म्हणजे आपली माणसं ज्या गावी ताप उतरवायला जात, त्याच गावी साहेबाला ताप चढला. हे कसं झालं?

दोष हवेचा नाही, वेळापत्रकाचा आहे. १८६१ साली इंग्रजांनी देवळालीला लष्करी तळ उभारला. लढायला नव्हे, जाणाऱ्या-येणाऱ्या गोऱ्या शिपायांना ठेवायला. विलायतेहून बोटीने मुंबईला उतरलेली पलटण घाट चढून देवळालीला यायची आणि तिथून हिंदुस्थानभर वाटली जायची. ज्यांची मुदत भरली ते उलटे यायचे. पेशावरहून, मद्रासहून, कुठून कुठून, आणि देवळालीला बोटीची वाट बघत बसायचे. मुंबई जवळ, रेल्वे दाराशी, हवा चांगली. कागदावर पाहिलं तर योजनेत खोट काढायला जागा नाही. अशाच योजना पुढे घात करतात.

कारण शिपायांना नेणाऱ्या सरकारी बोटी बारा महिने चालत नसत. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात हंगाम सुरू व्हायचा आणि मार्चला संपायचा, आपल्याकडच्या उसासारखा. ज्याची मुदत एप्रिलात भरली तो बसला पुढच्या थंडीपर्यंत. आणि बसला म्हणजे नुसता बसला. फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा शिपाई होता, मूळचा वेल्समधला कोळसा खाणीतला मजूर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात नोकरी केली आणि १९३६ साली 'ओल्ड सोल्जर साहिब' या नावाने आठवणी छापल्या. जनरलांच्या आठवणी पुष्कळ असतात. त्यांत त्यांची चूक कुठेच नसते. शिपायाच्या आठवणी थोड्या, म्हणून या पुस्तकाचं मोल. त्यात त्याने देवळालीचं वर्णन केलंय. मुदत भरलेल्या शिपायाजवळ बंदूक नाही, सामान नाही. कधीमधी कपड्यांची तपासणी, कधी एखादी लांब चाल, बाकी दिवस रिकामा. वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर एक काळा ठिपका नव्हता असे शिपाई तिथे काहीबाही करून बसत आणि घरी जायच्या आधी तुरुंगाची हवा खात. काही जण नको ते रोग घेऊन इस्पितळात पडत. एखादा विचित्र वागायला लागला की बाकीचे म्हणत, याला 'डूलॅली टॅप' झालाय. हे त्या तळावरच्या कंटाळ्यातून निघालं असावं, असा रिचर्ड्सचा अंदाज आहे. तळाला लष्करी तुरुंगही जोडलेला होता, त्यामुळे लांब जावं लागत नसे.

विचार करा. आठ वर्षं तुम्ही घराची वाट बघताय. आता घर कबूल झालंय, तारीख कबूल नाही. रोज सकाळी उठायचं, बोट नाही. रोज रात्री झोपायचं, बोट नाही. लढाईत माणूस घाबरतो, पण घाबरायलाही काहीतरी काम लागतं. इथे भांडायला शत्रू नाही, पळायला जागा नाही, आणि ज्याच्यावर चिडायचं ते वेळापत्रक तिकडे लंडनला एका टेबलावर. मग शेजारच्या खाटेवरच्याने घोरलेलं पुरतं.

एका पिढीच्या मराठी माणसाला वाट बघणं काही नवं नव्हतं. टेलिफोनसाठी नंबर लावून वर्षं काढलेली, स्कूटरसाठी नंबर लावला तेव्हा मुलगा बालवाडीत आणि आली तेव्हा तो ती चालवण्याच्या वयाचा, अशी घरं सगळ्यांनी पाहिली आहेत. या हिशेबाने सगळा मध्यमवर्ग केव्हाच डूलॅली व्हायला हवा होता. झाला नाही, कारण आपल्याकडे रांग होती. रांगेत उभं राहणं हे एक कामच आहे. पुढच्याची ओळख निघते, मागच्याशी वाद घालता येतो, मधे घुसणाऱ्याला सगळे मिळून हाकलता येतं. संध्याकाळी घरी गेलं की 'आज रांगेत होतो' असं सांगताही येतं. बिचाऱ्या टॉमीला रांगही नव्हती.

आता त्यातला 'टॅप'. इंग्रजीत टॅप म्हणजे टकटक, किंवा नळ. काही इंग्रज विद्वानांनाही आधी तसंच वाटलं असेल की डोक्यावर कुणीतरी टकटक केली असावी. पण हा आपला ताप. फारसीत, उर्दूत तप, संस्कृतात आणि मराठीत ताप. शिपाई लोकांच्या बाजारी हिंदुस्थानीतून त्यांनी तो उचलला आणि देवळालीला जोडला. देवळालीचा ताप. १९२५ साली विलायतेत शिपायांच्या बोलीचा एक कोश निघाला, त्यात तो अधिकृतपणे दाखल झाला. टॉमीचा कान असा की 'या हसन, या हुसेन' चं त्याने 'हॉब्सन-जॉब्सन' करून टाकलं आणि विलायतीचं 'ब्लायटी'. त्या मानाने देवळालीचं डूलॅली ही सभ्य मोडतोडच म्हणायची.

आणि इथे मला वाटतं, हा शब्द इंग्रजांपेक्षा आपल्यालाच जास्त कळतो. त्यांच्या कोशात 'टॅप' म्हणजे ज्वर, एवढं सांगून मंडळी मोकळी होतात. मग देवळालीला कुठला ज्वर होता, मलेरिया की उष्माघात, याची चौकशी सुरू होते. मराठी माणसाला चौकशी लागत नाही. आपल्याकडे ताप थर्मामीटरमध्ये दिसणारा एक आणि न दिसणारे पन्नास. आमचा दूधवाला परवा म्हणाला, "काय सांगू साहेब, पोरानं डोस्क्याला निस्ता ताप दिलाय." त्याला क्रोसिन नको होतं. तापट माणूस म्हणजे आजारी माणूस नव्हे. ताप, संताप, पश्चात्ताप, मनस्ताप ही सगळी एकाच घरातली भावंडं. त्यांतला संताप थोरला आणि पश्चात्ताप धाकटा, तो नेहमी उशिरा येतो. देवळालीच्या शिपायाला जे झालं होतं त्याला मराठीत मनस्ताप म्हणतात, आणि त्याचा संताप कसा होतो हे कुठल्याही घरात दिसतं.

गुरुजींचं दुःख मात्र निराळं आहे. त्यांना वाटतं, देवळालीवर अन्याय झाला नाही, जालन्यावर झाला.

"अहो, आपल्याकडं काय पलटण नव्हती?" ते म्हणतात. "१८०३ मध्ये कर्नल स्टीव्हन्सननं जालना घेतलं. त्याच महिन्यात २३ सप्टेंबरला असईची लढाई. ड्यूक ऑफ वेलिंग्टनची! नेपोलियनला हरवलं ते नंतर, आधी आपल्या जाफराबाद तालुक्यात घाम गाळला त्यानं. पुढं १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी. शंभर वर्षं! आणि एक शब्द नाही कोशात. कामून?"

गुरुजी 'कामून' म्हणाले की समजावं, पारा चढला.

कामून याचं उत्तर सोपं आहे. जालन्याच्या छावणीत साहेब मूठभर, शिपाई इथलेच. त्यांची मुदत भरली की ते गाठोडं उचलून आपापल्या गावी चालू लागत. बोट नाही, म्हणून बोट चुकणं नाही, म्हणून ताप नाही. आणि असईला रागावण्यासारखं घडलं तेव्हा खुद्द वेलिंग्टनच, तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता, रागावला नाही. झालं असं की खेळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात लढाई जुंपली असताना ऑरॉक नावाच्या त्याच्या एका कर्नलने आपली तुकडी भलतीकडे, थेट असई गावासमोरच्या तोफांच्या तोंडी नेली. त्याच्या मागोमाग चौऱ्याहत्तरावी हायलँडर पलटण गेली आणि कापली गेली. वेलस्लीची त्या दिवशी सुमारे दीड हजार माणसं पडली किंवा जखमी झाली, त्यांतली कितीतरी या एका चुकीपायी. त्याने नंतर लिहिलं एवढंच की चुकीच्या परिणामांचं दुःख आहे, पण त्याहून प्रखर माऱ्यात कुणी माणसं घेऊन गेलं नसतं. एवढा संयम असल्यावर कोशाला शब्द कुठून मिळणार? गुरुजींना हे पटतं, पण समाधान होत नाही.

मग मी त्यांना कॅनडाची आठवण देतो. माझो द ला रोश नावाची कॅनडातली एक लेखिका. १९२७ साली तिची एक कादंबरी अमेरिकेतल्या 'अटलांटिक मंथली' मासिकाचं दहा हजार डॉलरचं बक्षीस घेऊन प्रसिद्ध झाली आणि लाखो लोकांनी वाचली. कादंबरीचं नाव 'जालना'! ओंटारिओ सरोवराच्या बाजूला व्हाइटओक नावाच्या कुटुंबाचं मोठं घर, त्याचं नाव जालना, कारण घर बांधणारा कॅप्टन आणि त्याची बायको यांची पहिली भेट जालन्याच्या छावणीत झाली होती. पुढे १९६० पर्यंत त्या घराण्यावर एकंदर सोळा कादंबऱ्या निघाल्या. आणि घर कसं? अखंड भांडणारं. शंभरीला टेकलेली आजी काठी आपटते, नातवंडं एकमेकांच्या अंगावर धावून जातात, आणि आजीचा पोपट वरून सगळ्यांना शिव्या देतो. त्या शिव्या हिंदीत आहेत. जालन्याने जगाला रागाचा शब्द दिला नसेल, शिव्या पोचवल्या.

"हिंदीत कामून?" गुरुजी म्हणाले. "मराठीत पाहिजे होत्या." तरी त्या दिवशी त्यांनी चहा दोनदा घेतला.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. पण साहेबाचा ताप एकट्या साहेबालाच होत नसे, हे सांगितल्याशिवाय ही हकिगत पुरी होत नाही. बोटीची वाट बघणारा शिपाई बराकीत पडलेला असे, तेव्हा बाहेर एक माणूस दोरी हातात घेऊन रात्रभर पंखा ओढत असे. त्याचा डोळा लागला की पंखा थांबे, पंखा थांबला की साहेबाला जाग येई, आणि मग वेळापत्रकावरचा, उकाड्यावरचा, विलायतेवरचा सगळा राग दाराबाहेर जाई. असे प्रकार देशभर होत. वर्तमानपत्रांत येत, कोर्टात जात. कोर्टात एक ठरलेलं वाक्य असे: मयताची प्लीहा वाढलेली होती. मलेरियाने गरिबांच्या पानथऱ्या सुजलेल्या असत आणि एका ठोशात फुटत. डॉक्टर तसं लिहून देई आणि साहेब दंड भरून घरी जाई.

आग्र्याच्या फुलर वकिलाचं प्रकरण यांतलं सर्वांत गाजलेलं. १८७५ सालातला एक रविवार. फुलरसाहेब सहकुटुंब चर्चला निघाले. गाडी दाराशी आली, पण सईस जागेवर नव्हता. बोलावल्यावर आला. तेवढ्या वाट बघण्याचा साहेबाला राग आला. त्याने त्याला थपडा मारल्या, केस ओढले, तो खाली पडला. मंडळी गाडीत बसून प्रार्थनेला गेली. सईस उठला, शेजारच्या आवारात गेला आणि तिथेच मेला. कटवारू त्याचं नाव. प्लीहा. दंड तीस रुपये, तो विधवेला द्यावा. व्हाइसरॉय लिटनलासुद्धा हे फार झालं आणि १८७६ मध्ये त्याने कोर्टाला आणि हायकोर्टाला लेखी खडसावलं. त्यावर आपल्याच लोकांनी, म्हणजे लिटनच्या लोकांनी, लिटनलाच शिव्या घातल्या. पुढे कर्झनचं तेच झालं. १९०२ साली सियालकोटला नवव्या लान्सर्स पलटणीच्या दोघा स्वारांनी अट्टू नावाच्या स्वयंपाक्याला मारलं, तो काही दिवसांनी मेला, आणि पलटणीला गुन्हेगार काही सापडेना. कर्झनने सगळ्या पलटणीच्या रजा बंद केल्या. पुढच्या जानेवारीत दिल्ली दरबारात ती पलटण समोरून गेली तेव्हा गोऱ्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. कर्झन आमचा कुणी लागत नाही, वंगभंगाचा हिशेब अजून बाकी आहे, पण त्या दिवशी घोड्यावर तो एकटा होता हे खरं.

म्हणजे ताप दोन होते. एक साहेबाचा, त्याला कोशात जागा मिळाली आणि पुढे तो विनोदाचा विषय झाला. दुसरा कटवारूचा, खराखुरा, थंडी वाजून येणारा. तो साहेबाच्या बचावाच्या कामी आला.

आणि आपल्या माणसाच्या रागाचं काय? त्यालाही साहेबाच्या पुस्तकात जागा आहे, पण निराळ्या पानावर. त्रागा हा शब्द घ्या. आज आपण कुणी जेवायचं ताट सरकवलं तरी 'त्रागा करू नकोस' म्हणतो. मूळचा त्रागा एवढा स्वस्त नव्हता. गुजरात-काठेवाडकडचे भाट-चारण हमीला उभे राहत. दिलेला शब्द कुणी मोडला तर ते त्याच्या दारात स्वतःला जखमा करून घेत, प्रसंगी स्वतःच्या घरच्या माणसाचा जीव घेत, की हे पाप आता तुझ्या डोक्यावर. समोरच्याला हात लावायची ताकद नाही, म्हणून राग स्वतःवर काढायचा. धरणं त्याचाच सौम्य अवतार. देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसायचं. हे दोन्ही शब्द 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात नेटिवांच्या चमत्कारिक चाली म्हणून सापडतात. इतकंच नव्हे, १८६० च्या पिनल कोडात ५०८ वं कलम होतं, देवाच्या कोपाची भीती घालणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद. त्याचं पहिलंच उदाहरण दारात धरणं धरून बसणाऱ्याचं, दुसरं स्वतःचं मूल मारीन अशी धमकी देणाऱ्याचं. म्हणजे गप्प बसून रागावलं तर वर्षभर आत आणि सईसाला थपडा मारून रागावलं तर तीस रुपये. गुरुजींनी हे ऐकलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "धरणं मात्र पुढं आपण त्यांच्याच दारात धरलं." आणि कलम माहीत असूनसुद्धा लाखो माणसं बसली.

१९४७ नंतर देवळालीचा तळ आपल्या सैन्याकडे आला. तिथे आज तोफखान्याची शाळा आहे. तिथल्या जवानांना रिकामा वेळ किती असतो हे सकाळी आवाज ऐकणाऱ्या आसपासच्या गावांना विचारावं. तिकडे विलायतेत १९७४ ते १९८१ बीबीसीवर 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका चालली. सुरुवातीला स्थळ देवळाली, चित्रण मात्र सगळं इंग्लंडात. त्यातल्या रंगीराम बेअररचं काम एका इंग्रज नटाने तोंड रंगवून केलं. त्याचा स्वतःचा जन्म झाशीचा होता म्हणे. तोवर शब्दातला 'टॅप' गळून पडला होता आणि डूलॅलीच राहिला. आता तो शब्द वापरणाऱ्या शंभर इंग्रजांत एकाला तरी हे गाव आहे हे माहीत असेल का, शंका आहे. शब्द फिरून आपल्याकडे आला तोही दुसऱ्याच वेषात. २००९ साली पुण्यात 'डूलॅली' नावाने बिअर गाळून तिथेच पाजणारं दुकान निघालं. आमच्या हिने 'डुलायला लागला' असा जो अर्थ लावला होता, तो शेवटी तिथे खरा ठरला.

गुरुजींचा नातू इंग्रजी शाळेत जातो. त्याला गुरुजींनी हा शब्द पाठ करून घेतला, 'डूलॅली टॅप', आणि मराठीत अर्थ लिही म्हणाले. पोराने सुवाच्य अक्षरात लिहिलं, देवळालीचा नळ. गुरुजींच्या तळपायाची आग मस्तकात निघालीच होती, तेवढ्यात आतून काकू हात पुसत बाहेर आल्या. २०१२ च्या दुष्काळात टँकरमागे घागर घेऊन पळालेल्या बाई त्या. त्यांनी वहीत डोकावून पाहिलं आणि विचारलं,

"रोज येतं का हो पाणी तिथं?"